एक जागा, दोन क्वार्टरबॅक: अलाबामाचा २०१८ चा पेच

दूरदेशी (धागाकर्ता)

८ जानेवारी २०१८ रोजी अटलांटात झालेल्या अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात अलाबामा विद्यापीठाचा संघ मध्यांतराला जॉर्जियाविरुद्ध १३-० असा मागे होता. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा व पास टाकणारा खेळाडू, जेलन हर्ट्स याचे ८ पैकी ३ पास पूर्ण झाले होते आणि त्यांतून अवघे २१ यार्ड मिळाले होते. कोच निक सेबन यांनी त्याला बसवले आणि हवाईहून आलेल्या, पहिल्याच वर्षाला असलेल्या तुआ टॅगोवायलोआला उतरवले. तुआने टचडाउनचे (चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन गुण मिळवून देणारे) तीन पास दिले. जादा वेळेत तो आधी १६ यार्ड मागे पाडला गेला, आणि लगेच दुसऱ्या डाउनला (चेंडू पुढे नेण्याच्या चार संधींपैकी दुसरीत), २६ यार्ड हवे असताना, त्याने नजर दुसरीकडे ठेवून सेफ्टीला (सर्वांत मागच्या बचावपटूला) मध्यभागी थोपवून धरले व डाव्या कडेने धावणाऱ्या डिव्हॉन्टा स्मिथला ४१ यार्डांचा पास देऊन सामना २६-२३ असा खिशात घातला.

हा सामना येथील बहुतेकांनी पाहिलेला असेल. मला चर्चा करायची आहे ती त्यानंतरच्या आठ महिन्यांची, कारण एका जागेसाठी दोन खेळाडूंमध्ये होणारी चुरस कशी हाताळावी याचे त्याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

हर्ट्स हा काही पडेल खेळाडू नव्हता. टेक्सासमधील चॅनलव्ह्यूचा हा मुलगा २०१६ मध्ये पहिल्याच वर्षी अलाबामाचा स्टार्टर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा क्वार्टरबॅक, झाला. तेथे १९८४ नंतर असे प्रथमच घडले होते. त्या वर्षी तो एसईसी या त्यांच्या गटाचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला, आणि दोन हंगामांत त्याने सुरुवात केलेल्या २८ सामन्यांपैकी २६ संघाने जिंकले. अशा खेळाडूला ज्याच्यासाठी बसवले, त्याने मात्र तोपर्यंत एकाही सामन्याची सुरुवात केलेली नव्हती. जानेवारीतल्या अर्ध्या सामन्यावरून जागा द्यायची की दोन वर्षांच्या कामगिरीवरून, हा प्रश्न सेबन यांच्यापुढे होता.

आता उत्तर सरावात शोधायचे म्हटले, तर सराव मोजून मापून मिळतो. वसंत ऋतूत फक्त १५ सत्रे असतात आणि हंगाम चालू झाला की नियमाने आठवड्याला २० तासांची मर्यादा असते. धावणारे, पकडणारे, बचाव करणारे खेळाडू आलटून पालटून खेळवता येतात, पण चेंडू हातात घेणारा एका वेळी एकच. पहिल्या फळीबरोबरचे स्नॅप, म्हणजे खेळायला मिळणारे डाव, एकाला दिले की दुसऱ्याचे तेवढे कमी होतात, आणि दोघांना निम्मे निम्मे दिले तर दोघेही अर्धवट तयार होतात. त्यातच मार्चमध्ये तुआच्या हाताला दुखापत झाली आणि एप्रिलमधल्या ‘ए-डे’ या सरावसामन्यात तो खेळूच शकला नाही. त्या दिवशी हर्ट्स चाचपडला आणि भाव खाऊन गेला तो तिसऱ्या क्रमांकाचा मॅक जोन्स.

सरावाची दुसरी अडचण अशी की क्वार्टरबॅकच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी असते आणि त्याला पाडण्यास मनाई असते. बचावपटूने हात लावला की शिट्टी वाजते आणि डाव थांबतो. हर्ट्सचा सगळा जोर पकडीतून निसटून धावण्यावर, म्हणजे त्याचा सर्वांत मोठा गुण नेमका शिट्टीखाली गाडला जाणार. तुआचा गुण म्हणजे अचूक आणि वेळेवर सुटणारा पास, आणि तो सरावात स्वच्छ दिसतो. दोघांना एका तराजूत तोलणे किती कठीण असते, हे यावरून लक्षात यावे.

सेबन यांनी जुलैमध्ये पत्रकारांना काही सांगितले नाही आणि ऑगस्टमध्येही नाही. १ सप्टेंबरला ऑरलँडोत लुईव्हिलविरुद्ध तुआ पहिल्या स्नॅपला उभा राहिला तेव्हाच जगाला कळले. अलाबामाने ५१-१४ असा विजय मिळवला, दोघेही खेळले, आणि सामन्यानंतर ईएसपीएनच्या मारिया टेलर यांनी साधा प्रश्न विचारताच सेबन त्यांच्यावर खेकसले. नंतर त्यांनी फोन करून माफी मागितली, हे खरे.

माझे मत असे की खेकसण्याचा भाग वगळला, तर हे मौन शहाणपणाचे होते. निर्णय त्यांच्या मनात बहुधा आधीच झालेला असावा. परंतु त्यांना एक नव्हे, दोन क्वार्टरबॅक हवे होते, आणि हरलेला खेळाडू संघात टिकवणे हेच या चुरशीतले खरे काम असते.

मेतकूट

लेख आवडला. मी या खेळात अगदी नवखी आहे; मुलगा तिकडे शिकायला गेल्यापासून शनिवारी सामने लावते. विचारायचे असे, की दोघेही इतके चांगले असतील तर दोघांनाही संघात खेळवण्याची काही सोय नसते का? आपल्याकडे किरण मोरे आणि चंद्रकांत पंडित हे दोघेही यष्टीरक्षक होते, तरी १९८७ च्या विश्वचषकात वानखेडेवरच्या उपांत्य सामन्यात ते एकत्र खेळले, कारण पंडित निव्वळ फलंदाज म्हणून घेतले गेले होते. इथे तसे होत नाही का?

ओहायोकर

मेतकूट, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या कोलंबसमध्ये आहे. ओहायो स्टेटने २०१५ मध्ये नेमके हेच करून पाहिले होते.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा प्रमुख क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर याचा खांदा गेला. त्याच्या जागी आलेल्या जे. टी. बॅरेटने हंगाम गाजवला, पण मिशिगनविरुद्ध त्याचा घोटा मोडला. मग तिसऱ्या क्रमांकाचा कार्डेल जोन्स आला आणि त्याने आयुष्यात प्रथमच सुरुवात केलेल्या सामन्यात विस्कॉन्सिनला ५९-० असे चिरडले. पुढे याच अलाबामाला ४२-३५ आणि अंतिम सामन्यात ऑरेगॉनला ४२-२० असे हरवून विजेतेपद आणले. म्हणजे २०१५ चा हंगाम उजाडला तेव्हा कोच अर्बन मायर यांच्याकडे एका जागेसाठी तीन उमेदवार होते, आणि तिघांपैकी कोणालाही ‘तू कमी पडलास’ असे सांगण्याची सोय नव्हती.

मिलरने स्वतःच मार्ग काढला. तो तुमच्या पंडितांप्रमाणे दुसऱ्या भूमिकेत, म्हणजे पास पकडणारा व धावणारा म्हणून खेळला, आणि व्हर्जिनिया टेकविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने दोन टचडाउन केले. त्यांतल्या एकात त्याने धावता धावता जी गिरकी घेतली, ती आजही इथे लोक हाताने करून दाखवतात. राहिलेल्या दोघांपैकी पहिला स्नॅप कोण घेणार हे मायर यांनी सामना सुरू होईपर्यंत गुप्त ठेवले. तो जोन्सने घेतला. पुढचे दीड महिना मात्र खेळ असा चालला की जोन्स सुरुवात करणार, गोलरेषेजवळ बॅरेट येणार, जोन्स चुकला की पुन्हा बॅरेट. परिणामी कोणालाच लय सापडेना. ऑक्टोबरमध्ये रटगर्सविरुद्ध बॅरेटला सुरुवात मिळाली, पण घडी पूर्ण बसलीच नाही, आणि नोव्हेंबरमध्ये घरच्या मैदानावर मिशिगन स्टेटने १७-१४ असे हरवून विजेतेपदाच्या शर्यतीतून बाहेर काढले. याच संघातले १२ खेळाडू पुढच्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत) निवडले गेले, त्यांपैकी ५ पहिल्या फेरीत. इतके सोने पदरी असून हंगाम हातचा गेला.

त्यामुळे दूरदेशींच्या मताशी मी निम्माच सहमत आहे. जाहीर न करणे वेगळे आणि न ठरवणे वेगळे. मायर यांनी ठरवलेच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुना_पंच

एक तांत्रिक गोष्ट कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. तुआ डावखुरा आहे. उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकची पाठ डाव्या बाजूला असते, म्हणून डावा टॅकल, म्हणजे संरक्षक फळीतला कडेचा खेळाडू, हा त्याचा पाठीराखा. डावखुऱ्याच्या बाबतीत ते ओझे उजव्या टॅकलवर येते. चेंडूची फिरकीही उलट असते, आणि पकडणाऱ्याला ती पहिल्या काही दिवसांत हातावर निश्चित जाणवते. हर्ट्स उजव्या हाताचा. म्हणजे सामन्याच्या मध्येच क्वार्टरबॅक बदलला की इतर दहा जणांपैकी निदान सहा-सात जणांचे काम बदलते. ओहायो स्टेटचे दोघेही उजव्या हाताचे असून घडी बसली नाही; अलाबामात आलटून पालटून खेळवणे तर त्याहून अवघड होते. सेबन यांना एकाची निवड करावीच लागली असती.

कडूलिंब

धागा वाचतो आहे, आणि हर्ट्सच्या बाजूने एकानेही लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते.

ऑगस्ट २०१८ च्या सुरुवातीला तो मुलगा पत्रकारांसमोर उभा राहिला आणि त्याने शांतपणे सांगितले की एवढे महिने झाले तरी तुला काय वाटते असे कोणी त्याला विचारलेच नाही. तो तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होता आणि त्याच्या नावावर २६ विजय होते. ‘टिकवून ठेवणे’ हा शब्द ऐकायला गोड आहे, पण त्याचा अर्थ असा होतो की मुलाला अंधारात ठेवायचे, जेणेकरून दुसरीकडे जाण्याची वेळ टळून जाईल. त्या काळच्या नियमानुसार पदवी न घेता विद्यापीठ बदलणाऱ्याला एक पूर्ण हंगाम बाहेर बसावे लागत असे. म्हणजे कोच हवा तेव्हा नोकरी बदलणार आणि खेळाडूने बदल केला तर दंड. अशा असमान व्यवहारात मौनाला शहाणपण म्हणणे मला पटत नाही.

तुलनेसाठी त्याच वर्षीचे क्लेम्सन पाहा. तेथील कोच डॅबो स्विनी यांच्याकडे अनुभवी केली ब्रायंट होता आणि नवा ट्रेव्हर लॉरेन्स होता. ब्रायंटने सुरुवात केलेले चारही सामने संघाने जिंकले होते. तरीही स्विनी यांनी चौथ्या सामन्यानंतर लॉरेन्सला स्टार्टर म्हणून उघडपणे जाहीर केले. ब्रायंटला वाईट वाटले आणि दोनच दिवसांत तो संघ सोडून गेला, पण त्याला कोणी फसवले नव्हते. आणि क्लेम्सनने पुढे १५ पैकी १५ सामने जिंकून, अंतिम फेरीत याच अलाबामाला ४४-१६ असे लोळवून विजेतेपद घेतले. स्पष्ट बोलल्याने त्यांचे काय बिघडले?

दूरदेशी

कडूलिंब, बिघडता बिघडता राहिले, असे म्हणावे लागेल.

ब्रायंट गेला तो बुधवार होता. त्याच शनिवारी, २९ सप्टेंबरला, सिराक्यूजविरुद्ध लॉरेन्सला दुसऱ्या सत्रात डोक्याला मार बसला आणि तो बाहेर गेला. ब्रायंट असता तर तो उतरला असता. आता उतरला तो चेस ब्राइस, ज्याच्या खेळण्याचा विचार आठवड्याच्या सुरुवातीला कोणी केला नव्हता. क्लेम्सन मागे होते. शेवटच्या सत्रात आपल्या ६ यार्डांच्या रेषेवरून ९४ यार्डांचा प्रवास करायचा होता, आणि त्यात चौथ्या डाउनला ६ यार्ड हवे असताना ब्राइसने टी हिगिन्सला बरोबर हेरले. सामना २७-२३ असा सुटला. तो एक पास खाली पडला असता तर तुम्ही दिलेला १५-० हा आकडा आज कोणाला आठवलाही नसता.

आता त्याच दिवशी अलाबामात काय घडले ते पाहा. २०१८ च्या जूनमध्ये एक नवा नियम झाला होता. खेळाडूला तेव्हा पाच वर्षांत चार हंगाम खेळता येत. पूर्वी एखाद्या सामन्यात पाऊल टाकले तरी तो हंगाम खर्ची पडायचा, आता चार सामन्यांपर्यंत खेळूनही ‘रेडशर्ट’ घेऊन ते वर्ष वाचवता येऊ लागले. ब्रायंटने नेमका हाच हिशेब केला आणि चार सामन्यांवर थांबला. हर्ट्सही पहिल्या चार सामन्यांत थोडा थोडा खेळला होता आणि तोही थांबेल असा सगळीकडे बोलबाला होता. २९ सप्टेंबरला लुईझियानाविरुद्ध अलाबामा हसतखेळत जिंकत होते, त्याला उतरवण्याची काही गरज नव्हती, तरी तो उतरला, म्हणजे वर्ष वाचवण्याचा मार्ग त्याने स्वतःहून बंद केला. ज्याला अंधारात ठेवून फसवले, असा खेळाडू हे करील का?

तिठा

दोघांचेही मुद्दे वाचले. माझ्या मते हर्ट्स थांबला यात सेबन यांच्या मौनाचा वाटा फार थोडा आहे, आणि ब्रायंट गेला यात स्विनी यांच्या स्पष्टपणाचा वाटाही फार थोडा. दोघांच्या शिक्षणाचे वेळापत्रक पाहिले की उलगडा होतो.

ब्रायंट शेवटच्या वर्षाला होता. पाचवा सामना खेळला असता तर त्याची कारकीर्द राखीव खेळाडू म्हणूनच संपली असती. चार सामन्यांवर थांबल्यामुळे त्याला आणखी एक वर्ष मिळाले आणि तो २०१९ मध्ये मिझुरीकडून खेळला. हर्ट्स तिसऱ्या वर्षाला होता; पाचवा सामना खेळूनही त्याच्याकडे एक हंगाम शिल्लकच राहत होता. शिवाय त्याची पदवी डिसेंबर २०१८ मध्ये पूर्ण होणार होती, आणि पदवीधर खेळाडूला दुसऱ्या विद्यापीठात एक वर्ष बसावे लागत नसे. मध्येच सोडून गेला असता तर पदवी लांबली असती. थांबण्यात त्याचे नुकसान कमी होते. यात त्याचा स्वभाव आणि निष्ठा नाही असे मी म्हणत नाही, पण हिशेबही होता आणि तो अचूक होता.

आणि थांबल्याचे फळ कसे मिळाले ते सांगितल्याशिवाय हा धागा पूर्ण होणार नाही. १ डिसेंबर २०१८, पुन्हा अटलांटाचे तेच मैदान, पुन्हा जॉर्जिया, एसईसीचा अंतिम सामना. चौथ्या सत्रात अलाबामा २८-२१ असे मागे असताना तुआचा घोटा दुखावला आणि हर्ट्स उतरला. त्याने जेरी ज्यूडीला टचडाउन पास देऊन बरोबरी साधली. मग जॉर्जियाने चौथ्या डाउनला, ११ यार्ड हवे असताना, पंटचा, म्हणजे चेंडू लाथेने दूर धाडण्याचा, बहाणा करून चेंडू जस्टिन फील्ड्सकडे दिला. हा फील्ड्स म्हणजे जॉर्जियाचा दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक, जेक फ्रोमच्या मागे बसलेला. तो अडवला गेला आणि चेंडू मैदानाच्या मध्यावर अलाबामाला मिळाला. एक मिनीट आणि चार सेकंद उरले असताना हर्ट्स स्वतः १५ यार्ड धावत जाऊन टचडाउन करून आला. ३५-२८.

एका सामन्याच्या शेवटच्या तीन मिनिटांत दोन्ही संघांचे भवितव्य बाकावरच्या क्वार्टरबॅकच्या हाती होते. त्यातला एक वर्षभर तयार ठेवलेला होता. दुसऱ्याला क्वार्टरबॅक म्हणून न वापरता एका युक्तीपुरते उतरवले होते. फील्ड्स पुढच्याच महिन्यात ओहायो स्टेटला गेला, आणि त्याबद्दल ओहायोकर यांची काही तक्रार नसावी.

ओहायोकर

काडीचीही तक्रार नाही! मात्र आमचेही एक रत्न त्याच वर्षी गेले. २०१८ च्या वसंतात ड्वेन हॅस्किन्स आणि जो बरो यांच्यात चुरस होती. बरोच्या हाती तोपर्यंत पदवी होती, जागा आपल्याला मिळणार नाही हे त्याने ओळखले आणि मे महिन्यात तो लुईझियाना स्टेटला निघून गेला. पुढच्या वर्षी त्याने हाइझमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) घेतली, तुआच्या अलाबामाला ४६-४१ असे हरवले आणि संघाला १५-० असे विजेतेपद दिले. हाइझमनच्या मतदानात त्याच्या मागे दुसरा आला तो ओक्लाहोमाला गेलेला हर्ट्स! तरी मायर यांची निवड चुकली असे मी म्हणणार नाही, कारण हॅस्किन्सने २०१८ मध्ये ५० टचडाउन पास दिले.

मेतकूट

सर्वांचे आभार, बरेच समजले. पण माझा मुलगा म्हणतो की आता कोणी थांबतच नाही, सगळे ‘पोर्टल’मध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत, नाव घालतात. मग ही सगळी चर्चा जुनी झाली का?

जुना_पंच

बरीचशी झाली. ट्रान्स्फर पोर्टल ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाले, म्हणजे याच हंगामाच्या मध्यावर. एप्रिल २०२१ पासून एकदा बदल केल्यास वर्षभर बसण्याची अट गेली, त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येऊ लागले, आणि पुढे बदलाच्या संख्येवरचे बंधनही उठले. पूर्वी कोच आठ महिने मौन बाळगू शकत होते. आता दुसऱ्या क्रमांकाचा मुलगा तितके थांबतच नाही, आपले सामान बांधून मोकळा होतो.

तरी अपवाद आहेत. २०२२ मध्ये मिशिगनच्या जिम हार्बॉ यांनी हा गुंता उघड्यावर सोडवला. आदल्या वर्षी गटाचे विजेतेपद जिंकून देणारा केड मॅकनमारा पहिल्या सामन्यात सुरुवात करणार आणि जे. जे. मॅकार्थी दुसऱ्यात, असे त्यांनी आधीच सांगून टाकले. मॅकार्थीने हवाईविरुद्ध १२ पैकी ११ पास पूर्ण केले आणि प्रश्न मिटला. मॅकनमारा हंगामानंतर आयोवाला गेला, मॅकार्थीने २०२३ मध्ये १५-० असे विजेतेपद आणले.

आणि थांबण्याबद्दल विचारता म्हणून, धाग्याच्या सुरुवातीला एका ओळीत येऊन गेलेल्या मॅक जोन्सकडे पुन्हा पाहा. तो हर्ट्स आणि तुआ या दोघांच्या मागे उभा होता, कुठे गेला नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये तुआचे कंबरेचे हाड निखळले तेव्हा जागा त्याच्याकडे आली, आणि २०२० मध्ये अलाबामाने १३ पैकी १३ सामने जिंकले.

कडूलिंब

तिठा यांचा वेळापत्रकाचा मुद्दा मला मान्य आहे, आणि त्यानेच माझे म्हणणे बळकट होते. हर्ट्स थांबला तो पदवीसाठी आणि स्वतःच्या हिशेबाने, तर मग सेबन यांच्या मौनाने नेमके काय साधले? हार्बॉ यांनी तारखा जाहीर करून दोघांना एकेक सामना दिला, त्यासाठी त्यांना फक्त दोन शनिवार लागले. लुईव्हिलविरुद्ध तुआ आणि पुढच्या आठवड्यात अर्कान्सास स्टेटविरुद्ध हर्ट्स, असे जुलैमध्येच सांगता आले असते. दोन्ही सामने अलाबामा कोणत्याही क्वार्टरबॅकच्या हाताने जिंकलेच असते.

दूरदेशी

जिंकले असते, पण पहिल्या फळीबरोबरचे स्नॅप पुन्हा निम्मे झाले असते, आणि तुआ आधीच वसंतातल्या सरावाला मुकलेला होता. हार्बॉ यांच्या दोघांपैकी एकालाही अशी तूट भरून काढायची नव्हती, असे समजून आपण बोलत असू तर मॅकार्थीच्या वसंतातल्या खांद्याच्या दुखण्याचाही विचार करावा लागेल. तो त्या वसंतात पास टाकतच नव्हता. म्हणजे तुमचे उदाहरण माझ्या गणितात बसते की तुमच्या, हे मला आत्ता सांगता येत नाही. ओहायोकर किंवा जुना_पंच यांपैकी कोणी मिशिगनचे त्या ऑगस्टमधले सराव जवळून पाहिले असतील, तर स्नॅपची वाटणी कशी होती ते कृपया लिहावे.